गोधडी फिरत नाही

टेंभुर्णीत मुलींची शाळा नुकतीच निघाली होती आणि तिथली मी एकटी शिक्षिका. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, तरी गावातली जुनी माणसं शाळेला अजून मदरसाच म्हणत. मी जालन्याची. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. भावाने शिकवलं आणि मला नोकरी लागल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही, कारण मीही टाकला होता.

गावाने मान भरपूर दिला. देवळाजवळची खोली, पाणी भरायला बाई, येता-जाता नमस्कार. पण घरात या, बसा, असं कुणी म्हणेना. उन्हाळ्यात शाळा सकाळची. एकदा खोलीत आले की संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. पलीकडच्या ओसरीवरून बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि मला त्या हसण्याचा चक्क राग यायचा. एकदा तरी कुणी बसायला बोलवावं, एवढंच मला हवं होतं. ते मागायची मात्र लाज वाटे.

त्या उन्हाळ्यात मी चौथीला आकृती फिरवायला शिकवत होते. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापला आणि त्याचा एक कोपरा बाभळीच्या काट्याने सारवलेल्या जमिनीत रोवला. म्हटलं, ‘हा उजवीकडे पाव फेरा फिरला तर कसा दिसेल, ते पाटीवर काढा.’ फळा पुसून वळते तो काय, सगळ्या मुली उठून त्रिकोणाभोवती स्वतःच तसा पाव फेरा घेऊन बसलेल्या! त्रिकोण जिथल्या तिथे. पाट्या पाहिल्या. चित्र फिरलं होतं, पण मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट्या दिशेने.

मी चिडले. ‘तुम्हाला कुणी फिरायला सांगितलं?’

पुढे बसलेली एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, ‘बाई, गोधडी कुठं फिरवत असतेत? ती तशीच राह्यती. आपुन सरकायचं.’

‘कुठली गोधडी?’

‘माझी माय शिवून राह्यली न. चार कोपऱ्यांवर दगडं ठिवलेत. गोधडी हलली की चिंध्या गोळा होतेत, मंग सगळं उसवा. म्हणून बायाच सरकतेत.’

माझा राग कुठल्या कुठे गेला. मुलींना मांडी घालून बसवलं, उठायची बंदी केली आणि एकेकीला हाताने त्रिकोण फिरवायला लावला. काट्याजवळचा कोपरा हलत नाही, बाकीचे दोन हलतात, हे बोटांना कळल्यावर पाट्यांवर बरोबर आकृत्या उमटू लागल्या. वर्ग सुटताना ती पोरगी म्हणाली, ‘बाई, दुपारी या की बघायला. माय काही म्हणायची न्हाई.’

मी गेले. धड्यासाठी गोधडी बघायला हवी, असं वाटेत मनाला समजावलं. खरं तर ते हसणं यायचं त्याच ओसरीवर मला बसायचं होतं.

चार बायका चार बाजूंनी बसून टाके घालत होत्या. मला पाहून दचकल्या, पण मुलीच्या आईने पदराने जमीन झटकली आणि जागा केली. मी सुई मागितली. आईकडून शिकलेला धावता टाका अजून हातात होता. सात-आठ टाके झाले असतील. कुणीतरी म्हणालं, ‘बाईंचा टाका बराबर पडतोय,’ आणि मी लहान पोरीसारखी खूश झाले.

तेवढ्यात मुलीच्या आईची थोरली जाऊ घरातून पाणी घेऊन बाहेर आली. ती उभीच राहिली. मग माझ्या शेजारी बसून तिने माझ्या हातातली सुई हळूच काढून घेतली.

‘माझ्या लेकीच्या बाळाची हाय न गोधडी,’ ती म्हणाली. ‘पहिलटकरीण हाय ती. तुम्हाला तर कळतं, बाई.’

मला कळलं. माझ्या मोकळ्या कपाळाकडे कुणी पाहिलं नाही, सगळ्या टाक्यांकडे पाहत राहिल्या. तिच्या आवाजात दुष्टावा असता तर मी उठून आले असते. तो नव्हता, म्हणून फार लागलं.

‘तुम्ही आम्हाला सुया ववून द्या,’ मुलीची आई घाईने म्हणाली. ‘आमचे डोळे दुखतेत.’

तिचे डोळे माझ्याहून चांगले होते. मी दोऱ्याचं रीळ मांडीवर घेतलं. बायका टाके घालत एकेक वीत सरकत होत्या, बोलत होत्या. हळूहळू हसूही परत आलं. माझ्यासमोर कधी एक यायची, कधी दुसरी, आणि मी एकाच जागी बसून प्रत्येकीला सुई ओवून देत होते. उठताना मी पाहिलं, माझे ते सात-आठ टाके कुणीतरी उसवून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण शाळा सुटली, खोलीचं कुलूप काढलं, आतला तो गप्पपणा पाहिला आणि दार तसंच ओढून घेऊन मी पुन्हा सुया ओवायला गेले.