चौथऱ्यावर न चढलेला ट्रॅक्टर

माझ्या आत्याच्या यजमानांना आजवर रस्त्यावर कुणी मागे टाकलेलं नाही. आणि टाकलं असेल तर ते त्यांनी मान्य केलेलं नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून हे आमचे मामा. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा ट्रॅक्टर त्यांच्या लग्नाच्या आसपासचा. मूळचा लाल, आता कुठल्याच रंगाचा नाही. नांगरटीला मुलानं नवा ट्रॅक्टर घेतला, तेव्हापासून जुन्याला एकच काम उरलं. मामांना गावाहून भूमला न्यायचं आणि परत आणायचं, तेही टॉप गिअरमध्ये.

एकदा टॉप टाकला की मामा तो उतरवत नाहीत. वळण येवो, बाजार येवो, लग्नाची वरात येवो. गिअर उतरवणं म्हणजे त्यांच्या लेखी माघार घेणं. मोटारीत बसणाऱ्यांना हा वेग किरकोळ वाटेल. त्यांनी एकदा त्या मडगार्डवर बसून बघावं. पुढची दोन चाकं आपापल्या मतानं डुलतात, ब्रेक आहे की नाही याविषयी घरात दोन पक्ष आहेत, आणि सायलेन्सर असा तडतडतो की रस्त्याकडेची कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून नुसती बघत राहतात. एकदा चढावर रखडलेल्या एसटीला मामांनी मागे टाकलं आणि जाता जाता कंडक्टरला हाळी दिली, "येता का? फाट्यावर सोडतो!" सपाटीला लागल्यावर एसटी अर्थातच भुर्रकन पुढं निघून गेली. त्यावर मामा म्हणाले, "जाऊ द्या, त्याला टायमटेबल हाय."

ट्रॅक्टरची बॅटरी फार वर्षांपूर्वी मेली. नवी बसवायला मामांचा साफ नकार. "धडधाकट गड्याला काठी कशाला द्यायची?" त्यामुळे ट्रॅक्टर नेहमी उतारावर लावायचा, ढकलून गिअरमध्ये सोडायचा आणि चालू करायचा. या एका कारणानं मामांच्या जगाचे दोन भाग पडले आहेत, उताराचं आणि सपाट. सपाट जागी राहणाऱ्या नातेवाइकांकडे ते कधी गेले नाहीत. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलगा शिकलेला, जमीन बागायती, माणसं देवभोळी. आत्यानं मनातल्या मनात तुळजापूरची ओटीसुद्धा बोलून टाकली होती. मामा घराभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "स्थळ लई चांगलं हाय, पण उतार न्हाय." शेवटी मुलाच्या वडिलांनी गोठ्यामागचा उतार दाखवला, तेव्हा सुपारी फुटली.

मागच्या वर्षी मामांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते हवं तसं जमलं नाही. त्यानंतर महिन्याभरात ट्रॅक्टर एका कडब्याच्या गंजीत घुसला. माणूस वाचला, गंजी आडवी झाली. मामांचं म्हणणं, "गंजीच रस्त्यावर आली हुती." त्यांचा मुलगा धाराशिवला शिक्षक आहे, त्यानं मात्र ठरवलं की आता बास. बापाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं चार ट्रॉल्या मुरूम टाकून घरासमोरचं सगळं अंगण सपाट करून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर पाझर तलावाच्या भरावावर मुक्कामाला गेला, आणि मामा रोज सकाळी अर्धा कोस चालत त्याच्याकडे जाऊ लागले.

मग मी माझी अक्कल पाजळली. तेरखेड्याजवळ हमरस्त्यावर एकाचं नवं हॉटेल होत होतं. दारात शोभेला त्याला जुना ट्रॅक्टर हवा होता; चौथरा, माळा, दिवे, असा सगळा थाट. मला वाटलं, मामाही सुखरूप आणि ट्रॅक्टरही सुखरूप. मुलाला ते पटलं. आत्या म्हणाली, "द्या मेल्याला कुणाला बी, पण माझ्यासमोरनं नेऊ नका." पाचव्या दिवशी मामांनी मला विचारलं, "तितं अधनंमधनं चालू करतील का रं त्याला?"

मी हॉटेलवाल्याला असलं काही विचारलंच नव्हतं. तरी म्हणालो, "करतील की."

"मंग म्या सोता चालवत नेणार. टोचन लावून, वढत न्हाय न्यायचा."

ठरल्या दिवशी मी मडगार्डवर बसलो. मामांनी फेटा बांधला होता. भरावावरून खाली आलो तो थेट टॉपमध्ये. वाटेत दोन नवे ट्रॅक्टर, एक ऊस भरलेली ट्रॉली आणि सरपंचांची मोटारसायकल मागे पडली. हॉटेल दिसलं. दारात हार घेऊन मुलगा उभा, शेजारी हॉटेलवाला. चौथऱ्यावर चार खड्डे खणलेले आणि दोन गवंडी सिमेंट कालवत होते. चाकं कायमची पुरायची तयारी होती. बाजूला एक मिस्त्री पाने मांडून बसला होता, इंजिन उतरवायला.

मामांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. "तू तर म्हनला हुतास, चालू करतील."

मी मडगार्डला घट्ट धरून बसलो. ते म्हणाले, "उतरायचं असंल तर उडी मार. म्या थांबत न्हाय."

मी उडी मारली नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे. मुलाच्या हातातला हार तसाच राहिला. हॉटेलवाला पंधरावीस पावलं मागे धावला. मामांनी फेटा सोडून हवेत फिरवला आणि आम्ही तेरखेड्यात शिरलो. फटाके बनवणाऱ्या गावाला आवाजाचं काय कौतुक. पण त्या दिवशी माणसं कामं टाकून दारात आली. "मेल्यावर मला पुरा!" मामा त्यांना ओरडून सांगत होते. "जित्याला कुनी पुरतंय व्हय?" त्यांना संदर्भ काय कळणार, पण दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा काहीतरी ओरडलो.

गाव मागे पडलं. आडरस्त्याला लागल्यावर मामांनी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, आपणहून गिअर उतरवला. ट्रॅक्टर बाजूला घेतला. इंजिन चालूच. बराच वेळ ते स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"समोर काय हाय रं?" त्यांनी विचारलं.

"बाभूळ आहे. आणि दोन बाया येतायत."

"व्हय?" ते म्हणाले. त्यांना बाया दिसत नव्हत्या. मग ते सावकाश खाली उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक. आता तू घे."

मुलानं, डॉक्टरनं, मी, सगळ्यांनी मिळून त्यांना त्या सीटवरून उठवायला वर्ष घालवलं होतं. ते उठले तेव्हा मात्र माझा जीव गलबलला. मी बसलो. सीट अजून गरम होती. घाबरत घाबरत निघालो, तर मडगार्डवरून आवाज आला, "दाब की! चोरून आनलाय का?"

आता बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर मीच चालवतो. त्यांचा मुलगा माझ्याशी बोलत नाही, न बोलो. मामा डाव्या मडगार्डवर फेटा सावरत बसतात आणि मी गिअर उतरवला की तोंड फिरवतात. म्हणून मी आता उतरवत नाही. पण कधीकधी मोकळ्या रस्त्यावर एकदम मनात येतं की एक दिवस हा ट्रॅक्टर असाच टॉपमध्ये धावत असेल आणि डावीकडून शिव्या द्यायला कुणी नसेल. मग मी उगाच वेग कमी करतो, म्हणजे ते ओरडतील.