खळीचा हंडा

थ्वामावशी आमच्या गल्लीची धोबीण. दा नांगच्या विमानतळामागे तिचं अंगण होतं आणि अंगणात दोन मोठे हंडे. एकात अमेरिकन शिपायांचे कपडे उकळायचे, दुसऱ्यात तांदळाची खळ शिजायची. तिच्या हातची खळ चढलेली पँट नुसती जमिनीवर ठेवली तरी उभी राहते, असं ती छातीठोक सांगायची.

मग युद्धबंदीचा करार झाला, अमेरिकन निघाले. रस्त्यापलीकडचा दारूचा गुत्ता बंद झाला, शेजारचा न्हावी गावी गेला. युद्ध काही संपलं नव्हतं, रात्री तोफा वाजतच होत्या. फक्त गिऱ्हाईक गेलं. मावशीकडे इस्त्रीला चौघीजणी होत्या आणि चौघींचे नवरे आघाडीवर. त्या रोज सकाळी यायच्या, निखारे पेटवायच्या आणि रिकाम्या टेबलाशी बसून राहायच्या. एकीने हळूच विचारलं, आम्ही दुसरीकडे बघू का? मावशी म्हणाली, "बघायचंय कशाला? तांदूळ तोच, हात तेच. अंगात घालायचं ते आता पोटात घालू."

शेवयांचं दुकान टाकायचं ठरलं, आपल्या क्वांग प्रांताकडच्या रुंद, पिवळसर शेवयांचं. हंड्याच्या तोंडावर फडकं ताणायचं, त्यावर पीठ पसरून वाफवायचं. पीठ किती दाट हवं ते मावशीला बोट बुडवताच कळायचं. खळीने तेवढं शिकवलं होतं. पण गल्ली नाक मुरडत होती. शिपायांच्या चड्ड्या उकळलेल्या हंड्यातलं कोण खाणार? पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता.

आमच्याकडे दुकानदार भवानीला फार जपतात. पहिलं गिऱ्हाईक हसतं, सढळ हाताचं हवं. ते नाक मुरडून तसंच गेलं तर कागद पेटवून मालावरून ओवाळतात, नाहीतर दिवस वाया. नव्या दुकानाला तर वर्षच वाया. म्हणून मावशीने तांदळाच्या व्यापाऱ्याला, गोलमटोल खुशालचेंडू माणसाला, पहाटेच यायला बजावलं होतं.

तो झोपून राहिला. आली ती साउआजी.

साउआजी मासळीचा रस्सा विकायची. तिचा पायगुण असा, की ती दिसली तर बायका टोपलीवर फडकं टाकायच्या. ती सरळ आत आली आणि दारातल्या पालथ्या भांड्यावर ऐसपैस बसली. चौघींतल्या एकीने कागद अन् काडेपेटी हातात घेतली. मावशीने डोळ्यांनीच तिला थांबवलं. भिंतीपलीकडे आम्ही सगळे कान देऊन उभे.

"थ्वा, खरं सांग. चड्ड्या उकळायचीस तो हाच ना गं हंडा?"

"नाही आजी. हा खळीचा. यात तांदळाशिवाय काही शिजलेलं नाही."

"आणि फडकं?"

"बाजारातून नवं आणलंय."

"मग चड्ड्यांचा हंडा कुठाय?"

"त्याच्यावर तुम्ही बसलात."

कुणाला हसायचं धाडस होईना. साउआजीने वाकून खाली पाहिलं, हंड्यावर हात ठेवला, बोटांनी वाजवून बघितला.

"गार आहे," ती म्हणाली. "म्हणजे अमेरिकन गेले खरंच. मला वाटत होतं, ही नुसती हूल आहे." मग सदऱ्याला हात पुसून म्हणाली, "वाढ. शेंगदाणे हात राखून घालू नकोस."

तिने वाडगा चाटूनपुसून खाल्ला आणि दुसरा मागितला. तेवढ्यात तांदूळवाला डोळे चोळत आला. आजीचा रिकामा वाडगा पाहून तो उंबऱ्यावरच थबकला.

"उशीर केलास बाबा," आजी म्हणाली, "भवानी माझी झाली. बस, पण दुसरीकडे. हा हंडा माझा."

भिंतीपलीकडून आम्ही एकेक करत आत गेलो. दुपारपर्यंत पीठ संपलं. दुसऱ्या दिवशी साउआजी उजाडायच्या आधी हंड्यावर हजर, मिरची कमी पडते अशी तक्रार घेऊन. मावशीने तिच्यासमोर मिरचीची अख्खी वाटीच ठेवली आणि चौघींना सांगितलं, आज तांदूळ दुप्पट भिजवा.