दुसरा नारळ

आमच्या शेजाऱ्यांनी भाईंदरला पिठाची गिरणी घातली. उद्घाटनाच्या पत्रिका मी लिहिल्या, कारण आळीतला पहिला पदवीधर मीच. 'सकाळी दहा वाजता, सरपंचांच्या शुभहस्ते.'

आमचे शेजारी कानामागची विडी कधीच पेटवत नसत, नुसती बोटांत फिरवत. ती फिरवतच त्यांनी पत्रिका वाचली.

"मास्तर, धाला बाया मिठागरात. गिरणी काय सरपंचाच्या दळणावर चालनार हाय?"

"वेळ बदलू?"

"न्हाय. मोठ्या मानसाचा मान ऱ्हाऊ दे."

मग घरोघरी जाऊन त्यांनी बायकांना सहाला बोलावलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सहाला पहिला नारळ फुटला, दळणं सुरू झाली आणि बायका वेळेवर कामाला गेल्या.

दहाला सरपंच आले. भुवयांवर पीठ असलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी अदबीनं दुसरा नारळ पुढे केला.

"साहेब, गिरणी चालू करा."

टाळ्या आम्ही चौघांनीच वाजवल्या. भिंतीशी उद्याच्या दळणाचे डबे रांगेत लागले होते.