पंख्यावरून दिसलेलं शेत

पवनचक्क्यांचे मालक आणि त्या चालवणाऱ्या कंपन्या यांची परिषद परभणीत भरली, तेव्हा आमच्या साइट ऑफिसातून मला नावनोंदणीच्या टेबलावर पाठवलं होतं. जागा म्हणजे गावाबाहेरचं एक मंगल कार्यालय. नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी पडदा लावलेला, आणि वऱ्हाडी बसतात तिथं पुण्या-हैदराबादचे कोटवाले. सकाळभर मी त्यांच्या हाती ओळखपत्रं देत होते. आत पात्यांना जाणाऱ्या तड्यांवर, पडणाऱ्या विजांवर भाषणं चालली होती.

आमचं गाव चारठाण्याच्या पुढं, माळाला लागून. आमच्या बांधाला खेटूनच एक पवनचक्की उभी आहे. सासूबाई तिला पंखा म्हणतात. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नवरा नोकरीला बाहेरगावी, सुट्टीला येणारा. घरात आम्ही दोघीच.

जेवणाच्या सुट्टीत मी मांडवातले स्टॉल बघायला गेले. एका ठिकाणी एक तरुण इंजिनिअर डोळ्यांवर बांधायचा जाडजूड चष्मा घेऊन उभा होता.

“या मॅडम, तुमच्याच साइटची फिल्म आहे,” तो म्हणाला. “चक्कीच्या टोकावर उभं राहिल्यासारखं वाटतं. मागच्या उन्हाळ्यात काढलीय.”

चष्मा लावला आणि पायाखालची जमीनच गेली. खाली माळ, त्याला लागून आमचं नांगरून ठेवलेलं रान. यंदा तिथं तूर छातीला लागायलीय, पण फिल्ममध्ये नुसती काळी ढेकळं. मला घराचे पत्रे ओळखू आले, गंमत वाटली. मग रानाच्या मधोमध एक बाई दिसली. हिरवं लुगडं. एवढ्या उंचीवरून माणूस मुंगीएवढं दिसावं, पण तिचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. आत्याबाई होत्या. मान वर करून थेट माझ्याकडं बघत होत्या. हातानं खाली ये, खाली ये, असं खुणावत होत्या. तोंड हलत होतं. फिल्मला आवाज नव्हता.

मी चष्मा ओढून काढला.

“चक्कर आली का? होतं बऱ्याच जणांना.”

“रानात बाई उभी आहे ती कोण?”

त्यानं स्वतः चष्मा लावून बघितलं. “कुणी नाही मॅडम. रिकामंच आहे सगळं.”

मीही पुन्हा लावला. ढेकळं, बांध, पत्रे. कुणी नव्हतं.

घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. शेजारच्या जाऊबाईंना लावला, त्या म्हणाल्या, “रानात गेल्यात वाटतं.” मग मला थांबवेना. साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि जिंतूरची गाडी धरली. झरी गाव मागं गेलं तरी मी पुढच्या सीटची दांडी सोडली नव्हती. सारखं वाटत होतं, खिडकीतून खाली बघितलं तर जमीन फार लांब दिसेल.

उन्हं अजून होती तेव्हा घरी पोचले. आत्याबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. हिरवं लुगडं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

“उतरलीस का?”

“गाडीतून? हो, आत्ताच.”

“गाडीतून कशाची? पंख्यावरून.” आवाज पार बसला होता त्यांचा. “किती हाका मारल्या मी. लय वारं हाय वर, पडशील म्हणलं. तू आपली बघतच उभी.”

“आत्याबाई, मी परभणीला होते.”

“सकाळी गेलीस की परभणीला. मी दुपारचं सांगायलेय.”

भांडल्यासारखं नाही, तिखट संपलंय असं सांगावं तसं त्या बोलल्या. त्यांनी मला चहा करून दिला. मी पीत असताना दोनदा माझ्या दंडाला हात लावून बघितला.

रात्री नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई उन्हात हिंडती, भास झाला असेल. मी म्हटलं, त्यांना एक भास झाला असेल, पण मग मला? त्यावर त्यानं तुरीचं विचारलं.

पुढच्या आठवड्यात मी त्या इंजिनिअरकडून फिल्म मागवून घेतली. ऑफिसात, भर दिवसा, दोघी मैत्रिणींना शेजारी बसवून शेवटपर्यंत बघितली. रान रिकामं होतं. मग ती काढून टाकली.

आत्याबाई ठणठणीत आहेत. तूर निघाली, दोघींनी मिळून वाळवली. मात्र रानात गेल्या की अधूनमधून त्या हातातलं काम थांबवतात आणि वर बघतात. एकदा मी शेजारीच वाकून गवत कापत होते. त्या बराच वेळ पंख्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या,

“तू इथं हायस ना?”

“हाय की, आत्याबाई.”

“मग असू दे,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा विळा चालवायला लागल्या. मी मात्र वर बघितलं नाही.