ब्रेडसाठी मोटारी बंद

माझ्या सासऱ्यांइतकं चिकित्सक गिऱ्हाईक अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरं सापडलं, तर मी नोकरी सोडायला तयार आहे. नोकरी म्हणजे साकोलीत पोरांना वायरमनचं काम शिकवायची. हे लक्षात ठेवा, माझी फजिती त्यातच आहे. सासरे एकोडीचे. टरबूज घ्यायचं तर बारा ठोकून बघणार, चप्पल घ्यायची तर दुकानात चार चकरा मारून न घेताच परतणार. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांना भात बघवेनासा झाला. सकाळी सातच्या औषधाआधी पोटात काही हवं, तर चालायचा फक्त भाजलेला ब्रेड, तोही तव्यावरचा नाही. सासरे दाराच्या तोरणातली धानाची लोंबी खिशात घालून, मला घेऊन टोस्टर आणायला निघाले. दुकानात ती काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्या रंगाचा ब्रेड निघाला पायजे. कच्चा नाई, करपला नाई."

दुकानात अगदी तसाच निघायचा. एकोडीत मात्र पांढराफटक जायचा आणि पांढराफटकच बाहेर उडायचा. असे तीन टोस्टर बदलले. दर वेळी मी तो खोलून, टेस्टर लावून, मोठ्या गंभीरपणे "कॉइल कमजोर आहे" असं निदान करायचो. शेवटी मला पाहिलं की दुकानदार शटर ओढायला लागला. इकडे सासूबाई एक घास खाऊन ताटली सारायच्या, आणि सासऱ्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

चौथ्या टोस्टरच्या वेळी ते म्हणाले, "जवाईबापू, मोटारी चालू असल्या का पंखा बी हळूहळू फिरते. तुमी त पोराइले हेच शिकवता न?"

अरे देवा! उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या साऱ्या मोटारी आणि सासऱ्यांचं घर एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. व्होल्टेज राहणार कुठून? हे मला, मास्तरला, सुचू नये!

दुसऱ्या दिवशी सातच्या आधी सासऱ्यांनी स्वतःची मोटार बंद केली आणि बांधाबांधाने फिरले. "दहा मिनटं बंद ठेव गा, बुढीचा ब्रेड भाजून राहिला." लोक हसले, पण मोटारी थांबल्या. ब्रेड लोंबीच्या रंगाचा निघाला. सासूबाईंनी दोन खाल्ले आणि तिसरा मागितला. सासरे उगाचच परसात जाऊन आले. मग ते रोजचंच झालं.

पावसाळ्याच्या तोंडाशी सासूबाई गेल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात मी एकोडीला मुक्कामी होतो. सकाळचे सात वाजत आले आणि शिवारातल्या मोटारी एकेक करून थांबल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी दोन ब्रेड टाकले, निघाल्यावर लोंबीशी लावून पाहिले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

"खाऊन घ्या जवाईबापू. लोकं खोळंबले हायेत."