सातव्या पायरीचे दोन इंच

ढोकीच्या कोंडीराम गवंड्यानं पस्तीस वर्षांत शाळा बांधल्या, गोदामं बांधली, लोकांची घरं उभी केली. कामावर त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. तो ऐकला तुळजापुरानं.

तिथं भाविकांसाठी नवं लॉज उठत होतं. चार मजले, समोर सगळी काच. दारापुढच्या सात पायऱ्या कोंडीरामकडं होत्या. वर ग्रॅनाइट बसवायच्या आधी त्यानं टेप लावला. आतली फरशी नकाशापेक्षा वर आली होती. त्यामुळं सहा पायऱ्या सहा-सहा इंचांच्या आणि शेवटची आठ.

तो ठेकेदार योगीराजकडं गेला. "हे जादा दोन इंच साती पायऱ्यांत वाटून घेऊ. एका दिवसाचं काम हाय."

"मामा, मालक काच बघायला येणारेत. पायऱ्या कोण मोजतंय?"

"पाय मोजतो! माणूस काय बघून चढतंय व्हय? सहा येळा जेवढा उचलला, तेवढाच सातव्यांदा उचलतो."

योगीराज हसला. ग्रॅनाइट बसला, तोही आरशासारखा गुळगुळीत.

लॉज सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी कोंडीराम कुंपणाच्या भिंतीला गिलावा करत होता. सोलापूरच्या गाडीतनं उतरलेल्या म्हाळसाबाई, वय सत्तरीचं, हातात परडी धरून पायऱ्या चढल्या. सातव्या पायरीला पायाची बोटं अडकली. तोल गेला, कुशीवर आदळल्या. खुब्याचं हाड मोडलं. सोबतच्या लेकानं त्यांना उचलून सोलापूरला दवाखान्यात नेलं.

लॉजचा मॅनेजर बाहेर आला. परडीतनं सांडलेल्या कुंकवाकडं बघत म्हणाला, "म्हाताऱ्यांनी बघून चालावं जरा. हे पुसून घ्या, डाग पडंल."

कोंडीरामनं थापी फेकली, घण उचलला आणि सातव्या पायरीवर घातला. दुसऱ्या घावाला ग्रॅनाइट फुटला.

योगीराज धावत आला. "मामा, याड लागलं का? मालकाचा दगुड हाय त्यो!"

"आन् हाड कुणाचं हाय? म्या सांगितलं हुतं का न्हाय? सांग की आता समद्यांम्होरं!"

रस्त्यावरची माणसं जमली. कोंडीरामनं टेप काढला आणि येईल त्याला सहा आणि आठ दाखवत राहिला. दुपारपर्यंत मालकाचा फोन आला: पायऱ्या उचकटा, एकसारख्या करा. त्यानंच त्या केल्या, दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी योगीराजनं त्याला कामावरनं काढलं.

तो सोलापूरला दवाखान्यात गेला. म्हाळसाबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "माजंच ध्यान न्हवतं, बाबा. आता वय झालं."

कोंडीरामच्या कपाळाची शीर उडायला लागली. नर्सनं वळून बघितलं, इतक्या मोठ्यानं तो बोलला, "न्हाय मावशी! तुमचं कायबी चुकलं न्हाय. पायरी चुकली हुती. आन् ती चुकलीय हे आमाला ठावं हुतं."