शिडीच्या गाडीला कुंकू

नवरा गेला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. लोक येत होते, मी चहा करत होते. हार्ट अटॅक, तोही घरी, सोफ्यावर. आगीत शिरणारा माणूस टीव्ही बघताना गेला, याचा थोडा राग तेवढा आला.

नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या गावात फायर स्टेशन होतं, पण पूर्णवेळ फायरमन नव्हते. खाटीक, प्लंबर, एक मास्तर आणि कॉम्प्युटरवाला माझा नवरा. पेजर वाजला की हातातलं टाकून धावायचे.

त्याला वेड शिडीच्या गाड्यांचं. पाहुणा टेकला की सुरू. पहिली शिडी लाकडी, मोठ्या चाकांची, माणसांनी ढकलत न्यायची. दुसरी युद्धाच्या काळातली, ट्रकच्या पाठीवर गोल फिरणारी. तिसरी हायड्रॉलिक, टोकाला पिंजरा असलेली. ती वरच्यांनी शहरासाठी काढून नेली, त्या दिवशी हा जेवला नाही. "अगं, आपल्याकडे उंच इमारत नाही म्हणे. चर्च काय बुटकं आहे?" मग सगळ्यांनी ती युद्धाच्या काळातली, भंगारात निघालेली गाडी रविवारी रविवारी खपून चालू केली. त्याला तिच्यावरूनच न्यायचं, हे त्यांनीच ठरवलं. मी बरं म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

अंत्यसंस्काराच्या सकाळी स्टेशनच्या अंगणात गेलो, तर गाडीला झेंडूच्या माळा. लंडनच्या हॅरोहून आलेली माझी नणंद जागीच थबकली. दर दसऱ्याला आम्ही या गाडीची पूजा करायचो. बिचाऱ्यांना वाटलं, हिंदूंचा मान असाच करतात. स्टेशनचा प्रमुख, तो खाटीक, माझा कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आला. करंडा स्टेशनातच, चहाच्या डब्यांशेजारी असायचा.

"पहिलं बोट तुझं," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय आम्ही कसं लावणार?"

"अगं, तू नको," नणंद हळूच म्हणाली. "आता तू कशी लावणार?"

खाटकाला मराठी कळत नव्हतं. करंडा उघडून तो तसाच उभा राहिला. त्याला मी काय सांगणार होते? की गेल्या दसऱ्याला चाललेलं बोट आता चालत नाही?

"वन्सं, ही त्याची गाडी आहे," मी म्हटलं आणि कुंकू लावलं. लोखंड गार होतं. मग त्यांनी त्याची शवपेटी शिडीखाली ठेवली. नणंदेने माझा दंड धरून ठेवला.

इंजिन सुरू झालं. इतकी वर्षं कॉलवर गाडी गेली की मी स्वयंपाकघरात कान लावून बसायचे, आणि ती परतल्याचा आवाज आला की पोळ्या टाकायला घ्यायचे. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मी सवयीने मनात म्हटलं, येईल तासाभरात. गाडी येणारच होती. तेव्हा मला रडू फुटलं.